वजन वाढलं आणि मुतखडाही निघाला, कनेक्शन काय?

प्रश्न: वय ४१. लग्नानंतर माझं वजन १८-२० किलोने वाढलंय आणि आता सोनोग्राफीत मुतखडा निघाला. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, सासूबाई म्हणतात टोमॅटो आणि दूध बंद कर, जिमचा ट्रेनर म्हणतो कीटो (भात-पोळी जवळपास बंद, तूप-तेल भरपूर असं डाएट) कर. वजनाचा खड्याशी खरंच संबंध असतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: असतो ताई, आणि चांगलाच असतो. अमेरिकेत जवळपास अडीच लाख लोकांची बरीच वर्षं माहिती घेऊन केलेला अभ्यास २००५ मध्ये आला होता, त्यात तरुणपणापासून साधारण १६ किलोपेक्षा जास्त वजन वाढलेल्या बायकांना खड्याचा धोका ७० ते ८० टक्क्यांनी जास्त दिसला, पुरुषांना ४० टक्क्यांच्या आसपास.

पोट सुटलं की इन्सुलिन नीट काम करत नाही हे शुगरच्या बाबतीत सगळ्यांना माहितीये, पण त्यामुळे किडनीत अमोनियाही कमी बनतो आणि लघवीतलं ॲसिड आटोक्यात ठेवायचं काम त्याचंच, मग लघवीचा पीएच (ॲसिड मोजायचा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साडेपाचच्या खाली गेला की युरिक ॲसिड विरघळत नाही, त्याचे खडे धरतात. साध्या एक्स-रेत हे दिसत नाहीत, पण गंमत म्हणजे पोटॅशियम सायट्रेट नावाच्या औषधाने विरघळू शकतात (डॉक्टरांना विचारूनच हं). बाकी बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे, आणि जाड माणसांच्या लघवीत ऑक्सलेटही (काही भाज्यांतून येणारा आणि शरीरातही बनणारा घटक) जास्त सापडतं.

सासूबाईंना सांगा, टोमॅटोत ऑक्सलेट फारसं नसतं, पालकात भरपूर असतं. आणि दूध-ताक तर अजिबात बंद करू नका! जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून ठेवतं, ते बंद केलं की उलट जास्त ऑक्सलेट किडनीपर्यंत पोचतं. कमी करायचंच तर मीठ करा, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण.

कीटो मात्र नको. त्याने लघवी अजून ॲसिडिक होते, कीटोवर खडे झाल्याच्या केसेस आहेत. घाई न करता हळूहळू वजन उतरवा, आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, तुमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याला तीन लिटरसुद्धा कमी पडेल. लिंबूपाणी चालेल, पण साखर-मीठ न घालता.

खडा पडला तर फेकू नका, लॅबमध्ये तपासायला द्या, कुठला आहे कळलं की औषध ठरवणं सोपं जातं. दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.