ख्रिस्ताविषयी कधीच न ऐकलेला माणूस देवापुढे जबाबदार असतो का?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या आजीने आयुष्यभरात येशूचे नावही ऐकले नाही, तिला ख्रिस्ती शिकवण न मानल्याबद्दल न्यायी देव दोषी कसा धरील? मी विश्वासाने ख्रिस्ती आहे आणि माझी समजूत अशी आहे की, जे तिच्या कानांवर पडलेच नाही त्याचा जाब तिला विचारला जाणार नाही; मात्र जे तिला ठाऊक होते, त्याबद्दल तीही आपणा सर्वांप्रमाणेच देवापुढे जबाबदार आहे.

प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की, ज्या परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, मोशेचे नियमशास्त्र मिळाले नव्हते, ते जेव्हा स्वभावतःच त्यातल्या गोष्टी करतात, तेव्हा त्या नियमांचे कार्य आपल्या अंतःकरणांवर लिहिलेले आहे हे ते दाखवतात, आणि त्यांची विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. मापात पाप करणाऱ्याला आपण कोणाला तरी फसवतो आहोत हे कळण्यासाठी पवित्र शास्त्र वाचावे लागत नाही. म्हणूनच त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल माणसाला निरुत्तर ठरवतो, आणि हे कठोर वाक्य वगळून उत्तर देणे मला प्रामाणिक वाटत नाही.

तरीही सर्वांचा हिशेब सारखा नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू दोन चाकरांविषयी बोलतो: धन्याची इच्छा ठाऊक असून ज्याने ती डावलली त्याला पुष्कळ फटके बसतात, आणि ठाऊक नसताना ज्याने फटक्यांजोगे काम केले त्याला थोडे. ‘थोडे’ म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. पण ज्याला पुष्कळ दिले त्याच्याजवळून पुष्कळ मागितले जाईल, हे त्याच ठिकाणी येशू सांगतो. लहानपणापासून शुभवर्तमान ऐकत आलेल्या माझ्यासारख्याला आजीच्या हिशेबापेक्षा स्वतःच्या हिशेबाची भीती अधिक वाटायला हवी, आणि खरोखरच ती वाटते.

अशा माणसाचे तारण, म्हणजे पापापासून उद्धार, होते का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्यावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) एकमत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली असे मांडले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे प्रांजळपणे देवाचा शोध घेतात आणि त्याच्या कृपेने विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या ख्रिस्तावरील उघड विश्वास अनिवार्य मानतात. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हणत. त्यामुळे आधी मिळालेला प्रकाश व्यर्थ होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला सर्वांत अधिक आधार कर्नेल्याच्या कथेचा वाटतो. कैसरीयातल्या या रोमी शताधिपतीच्या प्रार्थना आणि दानधर्म, येशूचा शिष्य पेत्र त्याच्या घरी पोहोचण्यापूर्वीच देवापुढे आले होते, असे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. तरीसुद्धा देवदूताने त्याला तेवढ्यावर न ठेवता, यापोला माणसे पाठवून पेत्राला बोलावून घ्यायला सांगितले.