प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे प्रकाशाचा उत्प्रेरक का?

प्रश्न असा आलाय की फोटोकॅटॅलिस्टला मराठीत 'प्रकाश-उत्प्रेरक' म्हणतात (उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) तर त्याचा विग्रह कसा करायचा, प्रकाशाचा उत्प्रेरक की प्रकाश हाच उत्प्रेरक? आणि तो 'सांडपाण्यातला रंग घालवतो' असं लिहिलं तर चालेल का?

विग्रह दोन्ही चुकीचे. हा मध्यमपदलोपी समास आहे, पुरणपोळीसारखा. पुरण भरून केलेली पोळी, त्यातलं 'भरून केलेली' आपण कधीच खाऊन टाकलंय. तसंच हा प्रकाश पडल्यावर कामाला लागणारा उत्प्रेरक. अजून जवळचं उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) पाणचक्की, ती काय पाणी दळत नव्हती, पाण्यावर फिरायची आणि दळायची धान्य. इथे पाण्याच्या जागी प्रकाश, चक्कीच्या जागी टायटॅनियम डायॉक्साइडची पांढरी पूड (हो, तीच जी पांढऱ्या पेंटमध्ये असते) आणि धान्य म्हणजे मिथिलीन ब्लूसारखा डाय, म्हणजे रंग देणारं द्रव्य. प्रकाश हाच उत्प्रेरक असं तर म्हणूच नका, कारण उत्प्रेरक शेवटी शिल्लक राहतो, प्रकाश शोषला जाऊन संपतो.

गंमत म्हणजे सगळं विज्ञान त्या गळालेल्या पदातच आहे. प्रकाश पडला की पुडीतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत उडी मारतात, मागे रिकाम्या जागा राहतात, मग पाणी आणि ऑक्सिजनशी गाठ पडून हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखे भयंकर खवळलेले कण तयार होतात आणि ते डायच्या रेणूचे लचके तोडतात. बाकी 'प्रकाश' म्हणण्यातही जरा लबाडी आहेच, साध्या टायटॅनियम डायॉक्साइडला साधारण ३९० नॅनोमीटरच्या आतला म्हणजे अतिनील प्रकाश लागतो आणि उन्हात तो असतो जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास.

आता रंग. मराठीत कलर पण रंग, डाय पण रंग, भिंतीचा पेंट पण रंग, त्यामुळे 'रंग गेला' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं घाणही गेली. तसं नसतं. कॉलेजच्या लॅबमधला तो बाटलीचा प्रयोग आठवतोय का, मिथिलीन ब्लू, ग्लुकोज आणि कॉस्टिक सोडा? ठेवून दिलं की रंग जातो, बाटली हलवली की परत निळं! म्हणजे डाय आतच होता, फक्त दिसत नव्हता. म्हणून रेणू खरोखर तुटत असेल तर 'विघटन'च लिहा, आणि नुसता रंग उतरला असेल तर तसं लिहा.

कशाचं विघटन? परिभाषेत डायला 'रंजक' आहे. दोन्ही अर्थ एकाच 'रञ्ज्' धातूतून आलेत, रंगणं आणि खूश होणं, पण आज 'पाण्यातले रंजक घटक' वाचलं की हसू येतं. मी 'रंगद्रव्य' लिहितो.

संधी करून 'प्रकाशोत्प्रेरक' केलंत तरी व्याकरणात बसतं, फक्त मोठ्याने वाचून बघा एकदा.