सेवा करते, पण प्रेम वाटत नाही

प्रश्न : ताई, सासूबाईंना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. सगळं अंथरुणातच. त्यांचं मीच करते, रात्रीही उठून कूस बदलून देते. बेडपॅन गार लागला की दचकतात, म्हणून आधी गरम पाण्यानं धुऊन घेते. लोक म्हणतात, किती माया करतेस! पण पूर्वी त्या मला फार टाकून बोलायच्या, ते मी विसरलेले नाही. कधी वाटतं, एकदाच्या सुटतील तर बरं. मी ढोंगी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. बेडपॅनचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबले. तसं करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. त्या बाईच्या अंगाला काय लागतं ते तुम्हाला कळतं आणि हात आपसूक नळाकडे जातो. मन भरून येत नाही? नको येऊ दे. ज्यांनी दुखावलं त्यांना माफ करून टाका, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

बेव्हर्ली फेर आणि सुझन स्प्रेचर या संशोधकांनी करुणामय प्रेम म्हणजे काय, हे साध्या माणसांनाच विचारलं होतं. २००९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांच्या उत्तरांत विश्वास, काळजी आणि प्रामाणिकपणा या गोष्टी गाभ्याच्या ठरल्या. काळजी तुम्ही घेताच. सासूबाईंनी स्वतःचा देह तुमच्या हवाली केलाय, आणखी विश्वास तो कोणता? अडलंय ते प्रामाणिकपणाशी, आणि तेही नवऱ्यासमोर. ‘मी थकलेय, मला एकटीला जमत नाही’ हे त्यांना स्पष्ट सांगितलंत का? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, याचं मला वाईट वाटलं.

‘सुटतील तर बरं’ हा विचार आजारी माणसाचं करणाऱ्या कितीतरी जणींच्या मनात येतो. त्याच्या मुळाशी अपुरी झोपही असू शकते. तेव्हा आठवड्यातल्या निम्म्या रात्री नवऱ्यानं उठायचं. आई त्यांची आहे. दिवसा काही तास आयाबाई ठेवा. खर्चाची वाटणी भावंडांत होऊ द्या. घरात बोलून काहीच हललं नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सरकारी एल्डरलाइनला १४५६७ वर फोन करा, सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत.

आणि येत्या रविवारी घरात थांबू नका. बहिणीकडे जा आणि दुपारभर झोपा.