टेप लावण्याआधी जरा थांब

भाऊ, जळगावच्या भंगारातून टेपरेकॉर्डर उचललास, झकास. पण घरी नेल्या नेल्या वडलांची जुनी कॅसेट त्यात घालू नकोस. मी घातली होती. लग्नाचं रेकॉर्डिंग होतं. तिसऱ्या मिनिटाला मंगलाष्टकं रेड्यासारखी हंबरू लागली आणि यंत्राने दोन हात फीत गिळली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाई काय शे?"

तर आधी हेड पूस, म्हणजे फीत ज्याला घासून जाते आणि आवाज वाचला जातो तो धातूचा तुकडा. कान कोरायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव. कापूस तपकिरी निघेल. घाबरू नकोस, तो फितीवरचा आयर्न ऑक्साइड. शेजारची रबरी चाकीही पूस, फीत गिळणारी बहुतेक वेळा तीच असते. मग कॅसेटच्या तोंडाशी बघ. तिथे पातळ पट्टीवर नखाएवढा फेल्टचा तुकडा चिकटवलेला असतो. तो गळून पडला की आवाज गोधडीआडून आल्यासारखा येतो, आणि दुकानदार सांगतो स्पीकर गेला. (दुकानदाराला स्पीकर विकायचा असतो.)

१२० मिनिटांच्या कॅसेटच्या मोहात पडू नकोस, ती फीत फार पातळ, लगेच ताणते. ६० मिनिटांची बरी.

आणि मे महिन्यात कॅसेट गाडीच्या काचेशी ठेवायची नाही. आपल्याकडे पारा ४५ गाठतो. माझी एक भुसावळला स्टेशनाबाहेर उन्हात राहिली, पार पापडासारखी वाकली. अजून फेकलेली नाही, चहाचा कप ठेवतो तिच्यावर.

सैल फीत गुंडाळायला पेन्सिल सहा कोनांचीच घे. गोल पेन्सिल कॅसेटच्या भोकात नुसती स्वतःभोवती फिरते.