मदतनिधीची गोल्फ स्पर्धा आणि प्राप्तिकर

प्रश्न : आमच्या गावात स्थानिक अन्नवाटप केंद्राच्या मदतीसाठी गोल्फ स्पर्धा होते. मी नवशिका आहे. सहभागी व्हावे का, आणि प्रवेशशुल्क करात देणगी म्हणून दाखवता येते का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अवश्य सहभागी व्हावे. अशा स्पर्धा बहुधा ‘स्क्रॅम्बल’ पद्धतीने खेळल्या जातात. चौघांच्या संघातील प्रत्येक जण फटका मारतो आणि सर्वोत्तम चेंडू जिथे पडला असेल तिथून सगळे पुढचा फटका मारतात, त्यामुळे नवख्याची चूक संघाला भोवत नाही.

करासंबंधी मात्र काळजी घ्यावी. खेळ, जेवण, भेटवस्तू असा जो मोबदला आपल्याला मिळतो, त्याचे बाजारमूल्य वजा करून उरलेली रक्कमच अमेरिकी कायद्यानुसार देणगी ठरते, आणि शुल्क ७५ डॉलरांहून अधिक असल्यास त्या मूल्याचा अंदाज लेखी कळवणे धर्मादाय संस्थेवर बंधनकारक असते. सोडतीची तिकिटे देणगीत धरता येत नाहीत.

शुल्काचा बराच भाग मैदान आणि जेवणावर खर्ची पडत असल्याने, मैदानावरील प्रत्येक होलसाठी (चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्यासाठी) गावातील दुकानदारांकडून प्रायोजकत्व मिळवून देणे ही मला अधिक मोलाची मदत वाटते; त्या कामी आपण जरूर पुढाकार घ्यावा.