काड गाडले आणि पीक पिवळे पडले

प्रश्न : गव्हाचे काड जाळायचे नाही म्हणून रोटाव्हेटरने मातीत मिसळले आणि आठवड्यात मका पेरला. उगवण छान झाली, पण पंधरवड्यात रोपे पिवळी पडली. काडातून काही विषारी सुटते का?

विष नव्हे, ही उपासमार आहे. खालची जुनी पाने टोकाकडून पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडले, असे समजा. गव्हाच्या काडात कर्ब (कार्बन) साधारण ४० टक्के आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ८०:१. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५-३०:१ चे खाद्य मानवते. कमी पडलेले नत्र ते मातीतून उचलतात आणि मक्याच्या मुळांना काही उरत नाही. जिवाणू मेल्यावर ते नत्र परत मिळते, पण तोवर पिकाची वाढीची वेळ टळून गेलेली असते.

आता एकरी २५ किलो युरिया ओळीलगत मातीआड करून द्या आणि लगेच हलके पाणी द्या. हा खताच्या पुढच्या हप्त्यातलाच भाग समजावा, जादाचा नव्हे.

पुढच्या हंगामासाठी हिशोब असा : टनभर काडात ४०० किलो कर्ब, ५ किलो नत्र. गुणोत्तर ३०:१ वर आणायला एकूण १३ किलो नत्र हवे, म्हणजे वरून ८ किलो, अर्थात टनामागे १७-१८ किलो युरिया. तो ओल्या काडावर टाकून त्याच दिवशी मातीत मिसळा. उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो. कडधान्यांच्या भुशात मुळातच नत्र जास्त, त्याला एवढी मात्रा लागत नाही.

काडाचे तुकडे ५ ते १० सेंटिमीटरचे करा. मळणी-कापणी यंत्रामागे काडाचा जाड पट्टा पडतो. तो न पसरता मशागत केली की शेतात पिवळे-हिरवे पट्टे उमटतात, आणि दोष बियाण्याला दिला जातो! १० ते १५ सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. खाली हवा पोचत नाही, मग वर्षभराने नांगराला तेच काड जसेच्या तसे लागते. वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) टिकवून चार ते सहा आठवडे थांबा. पेरणीआधी मूठभर काड उकरून पिळा : तपकिरी होऊन तटकन तुटले तर पेरा, चिवट आणि चकचकीत असेल तर अजून थांबा.

प्रश्न : कुजवणारे कल्चर (सूक्ष्मजीवांचे विरजण) फवारले, तरी काड कुजले नाही.

कोरड्या रानात कोणतेही कल्चर चालत नाही. आधी ओल, मग नत्र, कल्चर त्यानंतर. कंपोस्टच्या ढिगात मात्र त्याचा उपयोग होतो. दीड मीटर रुंद आणि मीटर-सव्वा मीटर उंच ढीग रचा, २० सेंटिमीटरच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघावा, इतपतच ओल ठेवा. आठवड्यात ढीग हाताला चटका देईल इतका तापला नाही, तर पाणी किंवा नत्र कमी आहे. घाण वास आला तर पाणी जास्त. ढीग उपसून पुन्हा रचा. रोगट काड रानात न गाडता याच ढिगाच्या मध्यभागी घाला, आणि ढीग पालटताना कडेचे आत घ्या.

प्रश्न : भाताचा पेंढा चिखलात तुडवला. रोपे खुरटली, मुळे काळी पडली.

साचलेल्या पाण्यात हवेविना कुजताना सेंद्रिय आम्ले आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू तयार होतो. मुळे त्यानेच काळी पडतात. पाणी काढून जमीन भेगाळण्याच्या बेतात येऊ द्या, मग पुन्हा पाणी घ्या. पेंढा लावणीच्या तीन-चार आठवडे आधी, रान कोरडे असतानाच गाडायचा.

प्रश्न : तीन वर्षे काड गाडतो, पण माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब हलत नाही.

हलणार कसा? हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे दोन हजार टन माती असते, त्यात ०.१ टक्का वाढ म्हणजे दोन टन कर्ब. पाच टन काडातून जातो तोही दोन टनच, पण त्यातला बहुतेक हवेत निघून जातो आणि दहा-वीस टक्केच टिकतो. शिवाय जुना ह्यूमसही (मातीतला पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग) झिजत असतो, मशागत जास्त तितका लवकर. नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून घ्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. पालाशाचे (पोटॅशचे) मात्र वेगळे : काडातला पालाश पाण्याबरोबर लवकर सुटतो. त्यामुळे काड रानातच ठेवत असाल, तर पालाशाची मात्रा परीक्षण पाहून कमी करता येते का, ते तपासा.