महारेरा एजंट परीक्षा: अभ्यास कुठून सुरू करायचा

आधी कार्पेट एरिया, म्हणजे फ्लॅटमधली प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. नुसती व्याख्या पाठ करू नका, कागदावर दोन खोल्यांच्या फ्लॅटचा नकाशा काढा. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट (पाइप-वायरींची उभी पोकळी), बाल्कनी, खुली गच्ची सोडायची. आतल्या भिंतीही वगळल्या की उत्तर चुकलंच.

मग रेरा कायद्यातले (स्थावर संपदा कायदा) आकडे. कलम 13: विक्रीचा करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. कलम 4: ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात. हे दोन्ही हमखास एकमेकांत मिसळतात. कलम 14 मध्ये ताब्यापासून 5 वर्षं बिल्डरवर दोषदुरुस्तीची जबाबदारी.

एजंटासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम 62: नोंदणीशिवाय काम केल्यास रोज 10,000 रुपये दंड, एकूण सदनिकेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. ही कमाल मर्यादा वाचायची राहून जाते.